आंबेपाड्याची मुक्कामी गाडी

१२ नोव्हेंबर २००३
रस्ता झाला! पेठपासून थेट आंबेपाड्यापर्यंत डांबर! डेपोत साहेबांनी स्वतः सांगितलं — उद्या एस.टी.ची चाचणी फेरी, आणि कंडक्टर म्हणून माझं नाव. जिथे आजवर गाडीच गेली नाही अशा गावाला घंटी मारत जायचं! आज झोप कसली येतेय.

१३ नोव्हेंबर
जाऊन आलो! ड्रायव्हर कारभारीमामा. घाट संपता संपता एक वळण आहे — एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कठडा अजून बांधायचाय. गाडी एका दमात वळेना. मामांनी खाली उतरून अंदाज घेतला. मग मी मागे उभी राहून शिट्टी वाजवत राहिले. जरा मागे, जरा पुढे, पुन्हा मागे.  वळली एकदाची, आणि समोर अख्खा पाडा रस्त्यावर! बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं. माझ्याही कपाळाला.

परतताना मामांनी पाड्यातल्यांना मात्र बजावलं, कातळ फोडून वळण रुंद करा, नाहीतर भरलेली गाडी मी इथे आणणार नाही.

१९ नोव्हेंबर
पाड्याची माणसं स्वतःच कातळ फोडताहेत! यंत्र कधी येईल कोण जाणे, म्हणून घण-पहारी घेऊन उतरलेत. सगळ्यांत पुढे धोंडाबाई. तिची उज्वला दहावी होऊन घरी बसलीय, पेठच्या कॉलेजात नाव घातलंय, पण रोज चालत जाणं होत नाही. पहाटेची गाडी मिळाली तर जाईल. पण गाडी पहाटे तिथून सुटायची तर रात्री पाड्यावरच मुक्कामाला हवी.

२० नोव्हेंबर
आणि तिथेच अडलं. साहेब म्हणाले, मुक्कामी ड्युटीवर बाईमाणसाला पाठवत नाही, पुरुष कंडक्टर मोकळा झाला की बघू. म्हणजे उन्हाळाच उजाडणार! मीच म्हणाले, मी जाते. तोंडातून निघूनच गेलं. त्यांनी विचारलं, राहणार कुठे? पाड्याकडे निघालेल्या एकाबरोबर धोंडाबाईला निरोप धाडला.

२३ नोव्हेंबर
धोंडाबाई डेपोत हजर! घाट उतरून चालत आली. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "माझे पोरीशेजारी निजंल ती. काय झालं त मला धरा."
 साहेब म्हणाले, महिनाभर करून बघू.
महिनाभर तर महिनाभर!

२५ नोव्हेंबर
या आनंदात सायखेडं, माझं होणारं सासर, विसरलेच होते. माघात माझं आणि दिनेशचं लग्न ठरलंय. बूथवरून त्याला फोन केला. त्याच्या आईंना, म्हणजे अक्काबाईंना, कुठून तरी कळलंय. होणारी सून परक्या गावात रात्री राहणार असेल तर हे लग्न नको, असं त्यांनी साफ सांगितलंय. मी विचारलं, तुझं काय म्हणणं?  म्हणाला, तू ड्युटी बदलून घे ना.
नाही म्हटलं. फोन ठेवला. खोलीवर येऊन रडले.

२ डिसेंबर
पहिला मुक्काम झाला! वळण रुंद झालंय, मामांनी एका दमात गाडी घातली आणि आरशातून माझ्याकडे बघून हसले. धोंडाबाईकडे नागलीची भाकरी, उडदाची आमटी. पहाटे गाडी सुटली तर निम्मी पोरांनीच भरलेली. उज्वला दाराजवळच्या सीटवर, नवीन वही छातीशी धरून. मी घंटी मारली. असा आवाज त्या घंटीचा कधी आलाच नव्हता!

९ डिसेंबर
गाडी रोज भरून. सायखेड्याहून काहीच नाही. मीही फोन केला नाही.

१५ डिसेंबर
काल संध्याकाळच्या गाडीत पेठला तिकीट विचारायला वाकले, तर समोर अक्काबाई! एकट्याच, हातात पिशवी. "शेवटच्या गावाचं दे," म्हणाल्या. "तू निजतीस ते घर मला बघायचंय."
धोंडाबाईकडे जेवल्या, माझ्याशेजारीच निजल्या.  पहाटे गाडीत चढणाऱ्या पोरींकडे टक लावून बघत होत्या.
पेठला उतरताना म्हणाल्या, "माघातली तारीख तशीच ऱ्हाऊ दे. लग्नाच्या सुट्टीचं साहेबांना आत्ताच सांगून ठेव. आन् दिनेशला काय सांगायचं ते मी सांगते."