तिकडचं दरडोई, इकडचं दरडोई

३ तारीख, सोमवार
लेकीला पत्र आलं. तिकडच्या देशातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी. अठरापर्यंत हो-नाही कळवायचं. मी अजिबात घाबरलेलो नाही. चहात साखरेऐवजी मीठ पडलं ते दोन्ही डबे सारखे असल्यामुळे.
संकल्प: रडारड करायची नाही. सांख्यिकी खात्यात एकतीस वर्षं घासली ती कशासाठी? दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न, चाळीस वर्षांचं, एका ग्राफवर. आकडे बघून पोरगी आपणहून थांबेल.

४ तारीख, दुपारी ४
ग्राफ काढला. मी नोकरीला लागलो तेव्हा आपण पुढे होतो, चांगले दिमाखात. लेक जन्मली त्या वर्षी त्यांनी गाठलं. आज ते तिप्पट. ग्राफ ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. कुलूप तीनदा ओढून बघितलं. सरकारी कुलपांचा भरवसा नसतो.

६ तारीख
उपाय सापडला. तिकडे महागाई फार. तिथे एक डोकं भादरायला जेवढे लागतात तेवढ्यात इकडे अख्खी गल्ली भादरून होते. किमतींचा फरक काढून टाकला, तिप्पटचं दुप्पट झालं. शिवाय आपली दरडोई वाढ वर्षाला पाच टक्के, त्यांची दोन. म्हणजे आपण गाठणारच. कधी, तेही काढलं. चोवीस वर्षांनी. लेक तेव्हा अठ्ठेचाळीसची. मी अठ्ठ्याहत्तर, असलो तर. डबा तसाच घरी परत आणला.

१० तारीख
उत्पादन या वर्षीचं घेतलं, डोकी चौदा वर्षांपूर्वीच्या जनगणनेतली. फक्त आपली. ती जनगणनाही सरकारीच आहे, आणि खाणारी तोंडं कमी तर वाटा मोठा. अंतर बरंच घटलं. शेजारच्या टेबलावरच्या अण्णांनी डोकावून बघितलं. म्हणाले, चौदा वर्षांत जन्मलेली सगळी पोरं मारून टाकलीस की रे. अण्णांना कामातली खोच कळत नाही.

१३ तारीख, संध्याकाळी
लेकीला ग्राफ दाखवला. लोकसंख्येच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, इकडे चौदा वर्षं पाळणाच हलला नाही का. आकडे तात्पुरते आहेत म्हणालो. मग तिने ग्राफ पालथा ठेवला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणालो, आधारवर्ष बदलून बघावं लागेल. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली. मांडणीचा परिणाम झालेला दिसतो.

१६ तारीख, रविवार
हिचं म्हणणं, पोरगी स्वतःच घाबरलीय. इथल्या दवाखान्यातली जागाही तिने अजून सोडलेली नाही. तुम्ही फक्त तोंडाने एकदा जाऊ नको म्हणा. मी हिला समजावलं की असल्या विधानाला एकक नसतं. खरं म्हणजे ते वाक्य घशाशी आलं की मला धडकीच भरते. म्हटलं, आणि तरीही ती गेली तर? त्यापेक्षा एक परिशिष्ट जोडतो.

१८ तारीख, दुपारी
लेकीने होकार कळवला. त्याआधी माझ्यासमोर दहा मिनिटं उभी होती. मी परिशिष्ट वाचून दाखवत होतो. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, बरं बाबा.

पुढच्या महिन्याची ८ तारीख
काल ती गेली. विमानतळावर तिला म्हणालो, पोचलीस की तिथले भाजीचे भाव कळव. हिने माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि स्वतः तिच्या हातात दिली.
घरात तिनाची दोन डोकी राहिली. दूध तेवढंच येतं, खोल्या तेवढ्याच, पंखे तेवढेच. भागाकार केला. आमचं दरडोई एका दिवसात दीडपट झालं. एवढी वाढ कुठल्या देशाला जमलेली नाही.
दोनदा पडताळून बघितलं. आकडा बरोबर आहे. मला फार भीती वाटतेय.