दोन कोरे खाने

सोमवार, ता. ५
दोन रात्री झोप नाही. कारण दादाचं पत्र. शनिवारी आलं खंडव्याहून. मिल बंद झाली त्याचे पैसे शेवटी मिळाले त्याला. सगळे शेअरमध्ये घालतो म्हणतो. लिहिलंय, "तुझ्या सेठजींच्या लिस्टीत दोन नंबरला जी मशीनवाली कंपनी आहे, तीच घेतो, शुक्रवारी बाराला दलालाकडे जातो. सुमे, तू तिथे काम करतेस म्हणून भरोसा."
सेठजी शेअर घेणाऱ्यांसाठी कंपन्यांची नंबरवार लिस्ट छापतात, त्यातल्या ह्या कंपनीचं कार्ड मीच भरलं. पाच खाने, म्हणजे रकाने असतात, त्यांचे मार्क जोडून नंबर लागतो. हिचे दोन कोरे होते. आकडे आलेच नव्हते कंपनीकडून. मी मागच्या वर्षीचे टाकले.
सातवी शिकलेली मी. बाबा त्याच मिलमध्ये कारकून, जिथे दादा आणि हे होते. लूमचं मीटर बिघडलं की कालचाच आकडा आज लिहायचे. मला वाटलं, असंच करतात सगळीकडे.

मंगळवार, ता. ६
गुड्डीला कडेवर घेऊन मल्हारगंजात सेठजींच्या ऑफिसात गेले. सेठजींना सांगितलं. हसले. "भाभी, खाना खाली दिखे तो ग्राहक घबराता है. भर दिया, अच्छा किया."
म्हटलं, माझा भाऊ पैसे घालतोय.
"तो डालने दो! दो नंबर की कंपनी है!"
कार्ड परत काढलं. कोऱ्या जागी शून्य टाकलं तर एकतिसावी. बाकीच्यांचा बीचचा, सरासरी आकडा टाकला तर चौदावी. कोरं सोडून तीनच खाने धरले तर सरळ पहिली! कंपनी तीच. मग खरा नंबर कोणता?
सेठजींनी कार्ड हातातून घेतलं. "लिस्ट छप गई. अब हाथ मत लगाना."

बुधवार, ता. ७
ह्यांना सांगितलं. हे पीथमपूरला ठेकेदाराकडे कामाला जातात. म्हणाले, "ती? बसमधून दिसते रोज. दिवाळीपासून फाटकाला कुलूप आहे."
मग आकडे येणार कुठून!
आपल्या मिलमध्ये पण बंद व्हायच्या आधी फळ्यावर माल किती निघाला ते लिहिणं थांबलं होतं. बाबा म्हणाले होते, खडू संपला असेल.
दादाला कळवते म्हटलं तर हे चिडले. "गप बस. माझी मिल गेली, आता तुझं काम पण घालव."

गुरुवार, ता. ८
एसटीडी बूथवर दोनदा गेले फोन करायला. दादाकडे फोन नाही, समोरच्या कपडेवाल्याकडे आहे. पहिल्यांदा लागलाच नाही. मग लागला. ओरडून सांगितलं, भैया से कहना शेअर मत लेना. "कौन? क्या लेना?" कट.
लेना ऐकलं असेल त्याने, मत नसेल ऐकलं तर...

शुक्रवार, ता. ९, पहाटे
दादा आज बाराला दलालाकडे जाणार. भंवरकुआंवरून खंडव्याची सहाची बस धरते. हे पाळीवर आहेत, सांगितलं नाही. गुड्डीचं अंग गरम लागतंय, तरी घेऊन जाते. घाटात बस अडकली तर मी पोचणार नाही.
वही शेजारच्या काकूंकडे उघडी ठेवते. त्यांना वाचता येत नाही, कोणाकडून तरी वाचवून घेतील. जे कोणी वाचाल, नऊला बूथ उघडला की पहिले माझ्या दादाला फोन लावा. कपडेवाल्याचा नंबर मागच्या पानावर आहे. दादालाच बोलवा, निरोप ठेवू नका. म्हणा, दोन खाने कोरे होते, सुमीने मनाने भरले. सेठजींनी विचारलं तर माझं नाव सांगा, चालेल. पण फोन लावा. नाही लागला तर परत लावा.