अक्षरांच्या भरवशावर लावलेले स्टिअरिंग

मी, प्रियांका धम्मपाल शेजवळ, वय सव्वीस, नोकरी संगणक कंपनीत, राहणार काटेमानिवली, कल्याण पूर्व, आज शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आहे तो माझा मीच आणलेला आहे. संध्याकाळी पप्पा विहारात बैठकीला गेले की त्यांची गाडी एकटीने चालवत शिळफाट्याच्या व्हील अलाइनमेंटवाल्याकडे न्यायची आहे, एवढ्यासाठी हे लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतली शिल्लक आणि माझे कपडे आई, सौ. रुपाली हिला मिळावेत. खात्यावर नॉमिनी तीच आहे, तरी लिहिते, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे असे वाचले आहे. तिची शिवणाची टेप मी न विचारता गाडीची चाके मोजायला खाली नेली. तिला ग्रीस लागले आहे आणि ताणून ती लांबली असावी. आईने त्या टेपने कोणाचे ब्लाउज मापू नयेत.

२. लॅपटॉप केशरआत्याच्या धाकट्या मुलीला, समीक्षाला. ती यंदा बारावीत आहे. तिने पुढे संगणक शाखा घेतली तर पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना बसवून सांगावे की या शिक्षणात गाडी येत नाही. मी सांगितले नाही. मी पास झाले तेव्हा पप्पांनी दारावर पाटी लावली, ‘प्रियांका ध. शेजवळ, बी. ई.’ तेव्हापासून आमच्या मजल्यावरचे मिक्सर, गिझर आणि एकदा तर लिफ्टसुद्धा माझ्याकडे आली. मी प्रत्येक वेळी ‘बघते’ म्हणाले. पाटीवर बी. ई. च्या पुढे ‘संगणक’ हा शब्द जोडावा, ही माझी इच्छा आहे.

३. ~~माझी सायकल मैत्रीण जेनिफर हिला.~~ हे कलम मी खोडले आहे. जेनिफर साक्षीदार म्हणून ठाण्याहून आली आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असेही वाचले आहे. सायकल तिला आत्ताच हातात दिली. ती म्हणाली, “अगं, तू मरायला चाललीस की अलाइनमेंटला? आणि ही सायकल मी ट्रेनमध्ये चढवू कशी?”

४. पान्यांचा संच, जॅक आणि गाडी तोलून धरायचे दोन्ही स्टँड केशरआत्याला. गाडी पुढून खडखडू लागली तेव्हा दिव्याहून आलेली आत्या आमच्या हॉलमध्ये चहा पीत म्हणाली, “धम्मा, घरात इंजिनिअर ठेवून गाडी गॅरेजला? लोकं काय म्हणतील रे?” पप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “बघते.” पुढच्या रविवारी आत्याने मला कंपाउंडमध्ये भर उन्हात चाक काढून गाडीखाली शिरताना पाहिले. तेव्हा म्हणाली, “पोरीचे आटे ढिले झालेत.” याचा मला राग आला होता. पाने तिला द्यावेत आणि राग सोडला असे सांगावे. सहावे कलम वाचल्यावर तिचे म्हणणे खरे होते हे कळेलच.

५. जुने काढलेले भाग बिस्किटांच्या डब्यात आहेत. ते भंगारात द्यावेत.

६. गाडी माझी नाही, पप्पांची आहे. तिची मला व्यवस्था लावता येत नाही. तिचे मी काय केले, ते मात्र लिहिले पाहिजे.

पुढच्या दोन्ही चाकांना स्टिअरिंगशी जोडणारे दांडे असतात. त्यांच्या टोकाचे सांधे झिजले होते, ते मी व्हिडिओ पाहून बदलले. दांडा त्या सांध्यात आट्यांवर फिरवून बसवतात. किती फिरवला यावर चाक सरळ राहते की वाकडे, ते ठरते. जुन्या जागेवर मी नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या. पण नवे सांधे जरा लांब निघाले आणि खुणा वाया गेल्या. मग स्टिअरिंग सरळ धरून, ओढणीने सीटला बांधून, मागच्या चाकांपासून दोरी ताणून पुढची चाके मी तिच्याशी समांतर केली. ही पद्धत बरोबर आहे. स्टिअरिंग सरळ नव्हते.

स्टिअरिंगच्या मधोमध पप्पांनी ‘जय भीम’चे निळे स्टिकर लावलेले आहे. मी फोनमधले पातळी मोजायचे ॲप उघडून त्याची शिरोरेषा अगदी आडवी केली आणि स्टिअरिंग सरळ झाले असे धरले. स्टिअरिंगच्या गोलातल्या आडव्या पट्ट्यांकडे पाहिले असते तर ते तिरके आहे हे कळले असते. मी अक्षरांकडे पाहिले. आमच्या घरात सगळे अक्षरांच्या भरवशावरच चालत आले आहे. स्टिकर तिरके लागले असेल, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

काल कंपाउंडमध्ये फेरी मारली. गाडी सरळ गेली. मी पप्पांना म्हणाले, “झालं. सरळ चालते.” ते खाली वॉचमनला सांगायला गेले. आज सकाळी वळवून पाहिली तर ती डावीकडे पुरती वळते, उजवीकडे अर्धवट. पुन्हा खाली शिरले. डावा दांडा सांध्यात खोलवर गेला आहे. उजवा जेमतेम काही आट्यांवर अडकला आहे. बाकीचे आटे बाहेर चमकत आहेत. तो निसटला तर उजवे चाक कोणाचेही ऐकणार नाही. माझ्या पदवीच्या दिवशी मागच्या सीटवरून काढलेला एक फोटो फोनमध्ये आहे. रस्ता सरळ, पप्पा हसत आहेत, आणि स्टिकर डावीकडे झुकलेले. फोटो मी कितीदा पाहिला असेल. पाहत होते ते पप्पांकडे.

उद्या पप्पा या गाडीने दिव्याहून आत्याला घेऊन खडवलीला जाणार आहेत. तिच्या नातवाचे नामकरण आहे. ‘पोरीने दुरुस्त केलेली गाडी आणतो,’ असे त्यांनी तिकडे फोनवर सांगितले आहे. ते मला आतून ऐकू आले.

७. इथवर लिहून जेनिफरला वाचायला दिले. तिने विचारले, “रस्त्यावर तू एकटीच असणारेस का?” शिळफाट्यापर्यंतच्या रिक्षावाल्यांनी आणि रस्ता ओलांडणाऱ्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. मी ‘एकटी’ लिहिले होते ते खोटे होते. पप्पांना सांगावे लागू नये म्हणून मी इतरांच्या अंगावर गाडी घालायला निघाले होते. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गाडी मी नेणार नाही, आणि कोणीही नेऊ नये.

८. वडील श्री. धम्मपाल यांना मी काहीही ठेवत नाही. याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये. दुसऱ्या साक्षीदाराची सही हवी आहे आणि काही मिळणारा माणूस साक्षीदार चालत नाही. पप्पा वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाहीत. वीजबिलसुद्धा ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचतात. मला तोंडाने सांगता येत नाही. सकाळपासून तीनदा हॉलमध्ये गेले आणि पाणी पिऊन परत आले. म्हणून पुन्हा अक्षरांवरच भरवसा ठेवते. ते हॉलमध्ये उद्यासाठी शर्टाला इस्त्री करत आहेत. हा कागद आता त्यांच्याकडे नेते आणि दोघांच्या समोर सही करते.

स्थळ : कल्याण पूर्व. वार शनिवार, दुपार.

सही : प्रियांका धम्मपाल शेजवळ

साक्षीदार पहिली : जेनिफर परेरा, ठाणे. सही माझ्यासमोर झाली. सायकल नको, इथेच ठेवली आहे.

साक्षीदार दुसरा : धम्मपाल शेजवळ. सगळे वाचले. स्टिकर मी गाडी चाके वळवून उभी केलेली असताना लावले होते. सरळ रस्त्यावर आलो तेव्हा तिरके दिसले. निघेना, म्हणून राहू दिले, कोणाला बोललो नाही. गाडी उचलून न्यायला गॅरेजची गाडी बोलावली आहे. केशरला फोन केला, उद्या रिक्षाने येतो म्हणालो. काय झाले विचारत होती. म्हटले, माझ्यामुळे झाले. पाटी आहे तशीच राहील.