नदीला सोडलेली जागा

आबा, आज सकाळपासून मी तीनदा नदीवर जाऊन आले. काम काही नव्हतं. लावलेली रोपं जागच्या जागी आहेत, वाळ्याचे ठोंब जीव धरतायत, तरी घरात पाय ठरत नाही.

मी आता गावच्या नदी न्यासात काम करते, हे तुम्हाला कुठलं ठाऊक असणार. काठची जमीन लोकांशी करार करून राखायची, वेडी बाभूळ काढून करंज-उंबर लावायचे, बायकांचा धुण्याचा घाट नीट करायचा, शाळेतल्या पोरांना नदीवर फिरवायचं, असलं काम. गेल्या महिन्यात देवळापुढं सभा होती. काठालगतची पट्टी प्रत्येकानं नदीसाठी मोकळी सोडावी, असं मी सांगत होते. तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या काकू काठी टेकत उठल्या. म्हणाल्या, "लोकास्नी सांगतीस ते झालं. तुज्या आबानं बांध नदीत किती सरकवला, ते आदी सांग की." सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला ते माहीत होतं, आबा. तुम्ही पलटणीतून रिटायर होऊन आलात त्या उन्हाळ्यात ट्रॉलीमागून ट्रॉली मुरूम-माती नदीत पडत होती. मी तेव्हा सातवीत. तुम्ही जेवायला बसलाय, आई भाकरी थापतेय आणि मी विचारते, "आबा, नदीत माती का टाकताय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "नदीच्या नावावर सातबारा हाय का?" आणि मग, "शाळंत शिकायला धाडलंय, बापाला शिकवायला न्हाई." आईची तव्यावरची भाकरी करपली. त्याच पावसाळ्यात पाण्यानं पलीकडं तोंड फिरवलं आणि काकूंची विहीर, विहिरीजवळचं रान, सगळं कापून नेलं. शाळेच्या वाटेवर काकूंनी मला थांबवून विचारलं, "पोरी, तुमच्याकडनं बांध फुडं घेतलाय व्हय गं?" मी "न्हाई" म्हणाले. पुढं भरावावरचा पहिला ऊस कारखान्याला गेला आणि तुम्ही मला सायकल आणलीत. काकूंचं घर आलं की मी खाली मान घालून जोरात पायडल मारायची.

सभेत मात्र मी म्हणाले, "व्हय काकू, सरकवला. मी बघितलंय. आमची पट्टी आदी सोडते." दुसऱ्या दिवशी दादा सांगलीहून तावातावानं आला. "आबांनी घाम गाळून केलेलं रान हाय. तू कोण सोडणार?" मी म्हटलं, "माझ्या वाट्यातलं सोडते." दोन दिवस तो रानाकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मोजणीला आला, माझ्याकडं न बघता टेपचं एक टोक त्यानं धरलं आणि माझा वाटा ओलांडून थेट भरावाआधीच्या जुन्या बांधापर्यंत चालत गेला. जेसीबीनं भराव काढला तेव्हा काकू आल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उभं केलं. "माजं रान काय परत येत न्हाई गं. पर बांध सरकवला म्हनलं की मी खोटं बोलती म्हनून गाव हसत हुतं, तेवढं फिटलं."

त्यानंतर आणखी चौघांनी करारावर सह्या केल्या. आता सगळे शाबासकी देतात आणि मला तिथं उभं राहवत नाही. तुमच्या पाठीमागं मी तुमचं नाव चव्हाट्यावर आणलं, असं एकदा वाटतं. हे फार आधी बोलायला हवं होतं, असंही वाटतं. तुम्ही असताना तर बोललेच नाही. आताही तुम्ही वाचणार नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं.

आणखी एक. त्या दिवशी सभेत शेवटी मी असंही म्हणाले, "आज आबा असते तर त्यांनी आपणहून जागा सोडली असती." टाळ्या पडल्या. तुम्ही सोडली नसती, आबा. बोलतानाही मला ते माहीत होतं.