उजव्या हाताची बांगडी

आई, ऑपरेशननंतरची तुझी ती बांगड्यांची दुपार मला अजून दिसते. स्तनातली गाठ काढताना डॉक्टरांनी काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, आणि काही महिन्यांत तुझा उजवा हात सुजून जड झाला. तू डाव्या हाताने भाकरी थापतेस, ती एका बाजूला जाड होते, आणि बाबा जाड बाजू आधी खातात. उजव्या मनगटात हिरव्या बांगड्या रुतल्यात. शेवटी मस्तगडचे कासारमामा घरी आले. साबण लावून एकेक काढत गेले. शेवटच्या बांगडीला तू हात ओढून घेतलास.

"एक तरी ऱ्हाऊ द्या मामा. मोकळा हात बरा दिसत न्हाई."

"अगं, मी जित्ता बसलोय इथं! मीच सांगून राह्यलो, काढ!" बाबा ओरडले.

तू बिलकुल ऐकलं नाहीस. मामांनी पेटीच्या तळातून सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी शोधली, आधी ती चढवली, तीही घट्टच बसली, आणि मगच जुनी काढली. "सूज उतरली की सैल व्हईल बघ, ताई," म्हणाले. तू रोज सकाळी ती फिरवून बघायचीस. तू गेलीस तेव्हाही ती घट्टच होती.

आता मी प्रयोगशाळेत एका प्रथिनावर काम करते. शरीरात साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या त्याच्या सांगण्यावरून वाढतात. तुझ्या काखेत त्याच वाटा तुटल्या होत्या. पेशीतून ते बाहेर पडतं ते भुईमुगाच्या शेंगेसारखं, टरफलासकट. एक एन्झाइम ते टरफल कापतं, तेव्हा कुठे ते जागं होतं. जोडीला आणखी एक प्रथिन लागतं, ते दोघांना नीट जवळ धरतं, नाहीतर काप बसत नाही. त्रास याचा होतो की कॅन्सरही ह्यालाच कामाला लावून पसरायला वाट करून घेतो. ज्याने कदाचित तुझा आजार काखेपर्यंत नेला, त्याच्याच मी विनवण्या करते आहे. मला त्याचा राग येतो, आई. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणशील तू.

मागच्या आठवड्यात, अशाच वाहिन्या तोडलेल्या एका उंदराच्या शेपटीची सूज हे प्रथिन दिल्यावर पहिल्यांदा उतरली. औषध व्हायला अजून फार अवकाश आहे. सगळे पडद्यावरचा आकडा बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सैल झाली."

"काय सैल झाली?" शेजारच्या मुलीने विचारलं.

मी वही ओढली आणि आकडा लिहून घेतला.