‘एकहाती’ची नोंद

३ मार्च, मंगळवार
‘सिंगल-हँडेड’! छपाईआधीच्या शेवटच्या गठ्ठ्यातल्या कार्डावर साहेबांनी अर्थ लिहून पाठवलाय — “एका हाताचा.” झालं! कोणी एकट्यानं बोटीतून समुद्र ओलांडला, की आमच्या कोशात तो थोटा होणार. एकोणीस वर्षं हा माणूस या इंग्रजी-मराठी कोशाचा प्रमुख संपादक आहे. अकराला येतो, पेपर वाचतो, जेवून खुर्चीतच पेंगतो आणि चारला कार्डांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकतो. बाकी सगळं मी. हुद्दा — ‘मदतनीस’.

कार्ड फाडलं. नवं लिहिलं: एकहाती, कोणाच्याही मदतीशिवाय केलेला.

४ मार्च, बुधवार
वाटतो तितका साधा शब्द नाही हा. एकट्यानं चहा प्यायला तर त्याला कोणी सिंगल-हँडेड म्हणत नाही. काम चार माणसांचं हवं आणि एकानंच तडीस नेलेलं हवं. लढाई, सागरी सफर, पोरं वाढवणं. “बहुधा कौतुकानं वापरतात” — हेही घातलं. साहेबांना सात जन्मांत सुचलं नसतं.

दुपारी खटखटबाई कार्ड घेऊन हजर. (आमच्या टायपिस्ट. खिळे ठोकल्यासारखा कीबोर्ड बडवतात.)
“बाई, उदाहरण राहिलंय.”
“तुम्ही दिसेल तेवढं टाइप करा हो!”
गेल्या. शिक्षण दहावी, आणि मला उदाहरणं शिकवणार!

६ मार्च, शुक्रवार
उदाहरण साहेबांनीच पाठवलं. “त्यांनी हा कोश एकहाती रचला.” निर्लज्ज!

१० मार्च, मंगळवार
प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिका आल्या. जाड, गुळगुळीत कागद. साहेबांचं नाव ठळक, खाली “यांनी एकहाती सिद्ध केलेला कोश”. माझं नाव मागच्या बाजूला, फुलांची सजावट करणाऱ्याच्या खाली. तडक केबिनमध्ये गेले.

“साहेब, एकहाती?”

“अहो, बोलायची पद्धत असते ती. मनाला काय लावून घेता! तुम्ही मदत केलीत, ते मी विसरलोय का?”

मदत! दाढी कुरवाळत म्हणाला — मदत!

घरी ताट आदळलं. नवरा म्हणाला, “माझ्यावर कशाला ओरडतेस? प्रकाशकांना सांग. पुरावा आहे ना?”

आहे. बावीस हजार कार्डं, सगळी माझ्या अक्षरात. जेवण तसंच ठेवून प्रकाशकांना पत्र लिहिलं: हा कोश मी एकटीनं केला आहे. ‘एकटीनं’खाली दोन रेघा.

१२ मार्च, गुरुवार
प्रकाशक उद्या कार्डं बघायला येणार. सकाळीच कपाट उघडून बसले.

माझं निळं अक्षर — आणि त्याच्या कडेनं बारीक लाल पेन्सिल. आधी वाटलं, एखाद्या कार्डावर असेल. कसलं! गठ्ठ्यामागून गठ्ठे. माझा घसरलेला अर्थ खोडून नेमका शब्द. राहिलेलं उदाहरण. मुद्रितं तपासताना ज्या नोंदींवर मी स्वतःवरच खूश व्हायचे, त्यांतल्या निम्म्या माझ्या नव्हत्याच!

खटखटबाईंना बोलावलं. “हे तुमचं?”

“हो. टाइप करताना खटकायचं, ते लिहायचे.”

“मला का नाही विचारलंत?”

“विचारायचे की आधी. तुम्ही चिडायचात.” एवढं बोलून जागेवर गेल्या. परत खटखट सुरू.

दहावी झालेली बाई!

खोडरबर घेऊन बसले. चाळीसेक कार्डं झाली. लाल पुरती जात नाही. कागद विरतो.

१३ मार्च, शुक्रवार
प्रकाशकांनी एक कार्ड उजेडात धरलं. “हे लाल अक्षर कोणाचं?”

“माझंच,” मी म्हणाले.

त्यांनी दारातल्या खटखटबाईंकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “बाईंचंच. सगळं एकहाती.”