लेकीला सांगू नकोस

प्रिय आई,

पाया पडते. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आता रागाचं ऐक.

मी पाठवलेल्या त्या बोलक्या डबीचा प्लग आधी काढून टाक. फोनवरही तिच्याशेजारी बसूनच बोलतेस, म्हणून हे पत्र.

माझं काम तुला माहीत आहे. अनोळखी लोकांचं मराठी बोलणं ऐकायचं आणि मशीनने ते नीट टिपलंय का, ते तपासायचं. काल कानात तुझाच आवाज आला, त्या डबीशी गप्पा मारतानाचा. "बाई, जेवलीस का गं? मी काल बाथरूममध्ये घसरून पडले. लेकीला सांगू नकोस हं, उगाच काळजी करत बसेल."

माझं डोकंच फिरलं. साहेबांना जाब विचारला तर म्हणतात, "तुमच्या आईंनी अटींखाली 'मंजूर' दाबलंय." अगं, ते परक्या भाषेतलं बारीक अक्षर तुला वाचता तरी येतं का? चार देशांत दुकानं थाटलीत, पण लाज कोळून प्यायलेत मेले! वर मलाच विचारतात, "शब्द बरोबर टिपलेत ना?"

टिपलेत. एकही चूक नाही, त्याचीच जास्त चीड आली.

कुठे लागलंय? डॉक्टरांना दाखवलंस? बाबांना तरी सांगितलंस का?

तुझी,
जिला सांगायचं नव्हतं ती